माणूस समोर पाहिजे

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात कोणाच्या पाठीमागे एक वाकडा शब्द काढला नाही, आणि या एका गुणापायी त्यांनी जेवढी माणसं दुखावली तेवढी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सगळ्या चहाडखोरांनी मिळूनही दुखावली नसतील. सर आम्हाला भूगर्भशास्त्र शिकवायचे. पृथ्वीच्या पोटात काय दडलंय ते वर्गात सांगायचे आणि स्वतःच्या पोटात काय आहे ते वर्गाबाहेर. दोन्हीकडे आवाज तोच आणि तपशीलही तितकाच. उंच, सडसडीत, उन्हानं रापलेला माणूस. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. गडचिरोलीच्या पलीकडे जंगलातल्या एका लहानशा गोंड वस्तीत त्यांचा जन्म झाला. घरी गोंडी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी अशा तीन भाषा त्यांनी पक्क्या केल्या, पण तिन्हीपैकी एकीतही हळू आवाजात बोलायला ते शिकले नाहीत.

स्टाफरूममध्ये एकदा दुपारच्या डब्यांबरोबर प्राचार्यांचा विषय निघाला. अशा वेळी शहाणी माणसं एकतर विषयात भर घालतात किंवा भाजीकडे बघतात. सरांनी खिशातून फोन काढला, प्राचार्यांना लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलाच्या मधोमध ठेवला. "साहेब, इथी तुमचा विषय चालू आहे. तुम्ही नाई म्हणून अडून राह्यला. ऐका तुम्ही." मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "हं, बोला आता." त्या दिवशी स्टाफरूममध्ये जी शांतता पसरली ती म्हणे पुढं कितीतरी दिवस टिकली. प्राचार्य मात्र सरांवर खूश झाले. अर्थात त्यांची ही खुशी फार टिकली नाही, कारण पुढच्याच बैठकीत सरांनी प्राचार्यांबद्दलची स्वतःची सगळी मतं प्राचार्यांना एकापाठोपाठ एक ऐकवली.

लग्नात त्यांना दोन शब्द बोलायला सांगू नये, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका विद्यार्थिनीच्या वडिलांना ते ठाऊक नव्हतं. सरांनी माईक हातात घेतला आणि नवऱ्या मुलाकडे तोंड करून सांगितलं, "पोरगी हिऱ्यासारखी आहे. पण सकाळी उठत नाई. पहिल्या तासाले मी तिले तीन वर्षांत पाह्यलं नाई. चहा तुम्हालेच कराव लागंल." मांडवभर हशा पिकला. मुलगी आज गडचांदूरला असते, तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि चहा खरोखरच नवरा करतो. शोकसभेत तर सर लोकांकडे पाठ करून फोटोकडे तोंड करून बोलायचे. एका जुन्या सहकाऱ्याच्या तसबिरीला ते म्हणाले होते, "भाऊ, तू प्रयोगशाळेची चावी हमेशा घरी विसरत होता. आम्ही उन्हात उभे राहून तुयी वाट पाह्यली, अन् शिव्या तू आल्यावर तुया तोंडावरच दिल्या. आज चावी आहे, तू नाई." त्या सभेत तेवढ्याच एका भाषणाला लोक रडले.

असं का, म्हणून आम्ही त्यांना एकदा विचारलं होतं. सहल सिरोंच्याकडे निघाली होती, दगड झालेली लाकडं बघायला, आणि गाडीचं चाक पंक्चर झाल्यामुळे सगळे रस्त्याच्या कडेला सागाखाली बसलो होतो. सर म्हणाले, "आमच्या गावात कोणाबद्दल बोलाचं असलं तं आधी त्याले बोलावून आणतेत. तो शेतात गेला असंल तं थांबतेत. तो आला, बसला, पाणी पेला, मंग बोलाचं. माणूस समोर पाहिजे. नाई तं ते बोलणं मोजतच नाई." एवढं सांगून ते चाक बदलणाऱ्या ड्रायव्हरला त्याचं काय चुकतंय ते समजावायला गेले.

अशा माणसाकडे शिफारसपत्र मागायला जाणं म्हणजे धाडसच. आमच्या कॉलेजातून कोणी खाणीत नोकरीला जाई, कोणी नागपूरला पुढं शिकायला. प्रत्येकाला शिक्षकाचं पत्र लागायचं. बाकीच्या शिक्षकांकडे एक ठरलेला मजकूर असे, त्यात नाव बदललं की झालं. एका पोराचं पत्र 'ती अत्यंत सुशील असून' असं सुरू होत होतं आणि त्याच पत्रावर त्याला नोकरीही लागली. सरांचं मात्र प्रत्येक पत्र नवं. आणि ते पाकिटात जाण्याआधी कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर, ज्याचं आहे त्याला समोर बसवून, मोठ्यानं वाचलं जायचं. आमच्यात त्याला 'वाचन' असंच नाव होतं. "तुझं वाचन झालं काय?" असं आम्ही एकमेकांना विचारायचो. दुसऱ्या विभागांतली पोरंही ऐकायला यायची. चहावाले भाऊ स्टोव्ह बारीक करायचे. वाचून झालं की सर म्हणायचे, "हरकत असंल तं सांग." हरकत घेता येई, पण पुराव्यानिशी. एका पोराच्या पत्रात 'हा नेहमी उशिरा येतो' असं वाक्य होतं. तो म्हणाला, "सर, मी गडचिरोलीहून येतो. बसच उशिरा येते." सर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन बसस्टँडवर उभे राहिले, आणि वाक्य बदललं. 'याची बस नेहमी उशिरा येते, पण त्या बसमध्ये हा नेहमी असतो.' पोराला जागा मिळाली. मुलाखत घेणाऱ्यांनी म्हणे त्याला पहिला प्रश्न बसबद्दलच विचारला.

मी माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढले. बाबा खाणीत जमिनीखाली काम करायचे. आमच्या घरात दगडाशी संबंध होता तो असा, की बाबांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजत. शेवटच्या वर्षाला मी परदेशातल्या एका विद्यापीठात अर्ज करायचं ठरवलं. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं शक्य होतं, नाहीतर नाव काढायचं कारण नव्हतं. अर्ज सगळा संगणकावर. त्यात शिक्षकांची नावं लिहायच्या आधी एक प्रश्न होता. तुमच्याबद्दल तुमचे शिक्षक जे पत्र लिहितील ते पुढेमागे बघण्याचा हक्क तुम्ही सोडता का? होय की नाही? मी जिथं जिथं चौकशी केली तिथं एकच उत्तर मिळालं. डोळे मिटून 'होय' कर. हक्क राखून ठेवलास तर त्यांना वाटेल, शिक्षकानं पोरीच्या धाकानं गोड गोड लिहिलंय. मी 'होय' केलं, अर्ज पाठवला आणि निर्धास्त झाले.

सरांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "काऊन वं, मी तुयाबद्दल काय लिहितो ते तुले पाह्याचं नाई काय?"

"तसं नाही सर, तिकडे तशी पद्धत आहे."

"तुनं सही केली?"

"केली, सर."

"मंग मी तुले वाचून नाई दाखवू शकत."

"नका दाखवू. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

मग ते म्हणाले, "तुया विश्वास आहे गं. पण मले असं लिहिता येत नाई. आजपर्यंत लिहिलंच नाई."

दुसऱ्या दिवशी विभागात या विषयावर जी खडाजंगी झाली ती मी दारात उभी राहून ऐकली. म्हणजे लपून नव्हे, सरांनीच मला बोलावून घेतलं होतं. विषय माझा होता. आमच्या विभागात पुण्याहून आलेल्या एक तरुण मॅडम होत्या, हुशार, स्पष्ट बोलणाऱ्या आणि सरांना अजिबात न घाबरणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सर, समोर वाचून दाखवायचं म्हटलं की बहुतेक शिक्षक गोडच लिहिणार. मग त्या पत्राला किंमत काय उरली? वाचणाऱ्याला भरवसा हवा, की लिहिणारा मोकळेपणी लिहीत होता."

"मी मोकळेपणीच लिहितो. पोराच्या तोंडावर."

"तुम्ही एकटे. बाकीच्यांचं काय?"

सरांनी हे मानलं. चांगला मुद्दा समोर आला की ते मान हलवायचे, तशी हलवली. मग म्हणाले, "अन् लिहिणाऱ्याच्या मनात खुन्नस असंल तं? पोराले कधी समजणारच नाई त्याचं कुठी बिनसलं ते."

"मग अशा शिक्षकाला विचारूच नये."

"मॅडम, निवडाले आमच्या पोरायजवळ माणसं किती असतेत? विभागात आपण तिघं. त्यातले एक सर सुट्टीवर."

मॅडम मृदू आवाजात म्हणाल्या, "तुमचं खरं असेलही. पण हिनं 'नाही' लिहिलं असतं आणि तिकडच्यांनी संशय घेतला असता, तर नुकसान हिचं झालं असतं. तुमच्या तत्त्वाचं नाही."

सरांनी पुन्हा मान हलवली. मी विद्यापीठाला लिहून पाहिलं, उत्तर बदलता येईल का म्हणून. अर्ज एकदा आला की बदल नाही, असं नम्र उत्तर आलं. मुदत जवळ येत चालली होती. सर मला रस्त्यात टाळू लागले. ज्या माणसानं कधी कोणाला टाळलं नाही, त्याला ते जमतही नव्हतं. समोरून मी दिसले की ते भिंग काढून कॉलेजच्या कुंपणाची भिंत तपासायला लागायचे. टपरीवरचे भाऊ मला म्हणाले, "ताई, सरायनं चहा सोडला. तुम्ही काय केलं त्यायले?" मला रडू फुटायचं बाकी होतं. दुसऱ्या कोणाचं पत्र घ्यावं तर मला दगडांतलं काय कळतं ते ठाऊक असलेला माणूस हा एकच.

मग एका सकाळी फोन आला. "आज संध्याकाळी घरी येतो. सगळे राहा. आईबाबा पाहिजे."

आईनं याचा अर्थ सरळ लावला. इतका शिकलेला माणूस चंद्रपूरहून माजरीला येतोय, आईबाप घरी पाहिजेत म्हणतोय, म्हणजे स्थळ घेऊनच येतोय. मी कितीही सांगितलं तरी तिनं ऐकलं नाही. शेजारच्या काकूंकडून चांगल्या कपबशा आल्या, कपबशांच्या मागून ठेवणीतली साडी नेसून काकूही आल्या. बाबांनी पाळीहून येऊन पुन्हा आंघोळ केली. सर आले ते त्यांच्या जुन्या स्कूटरवर, जी उतारावरच सुरू व्हायची आणि म्हणून ते प्रत्येक गावात आधी चढ शोधत. बाबांनी दारात "जय भीम, सर" केलं, सरांनी दोन्ही हात जोडून "जय भीम, भाऊ" म्हटलं. पोह्यांची बशी पुढं आली. सरांनी ती बाजूला ठेवली आणि ते उभे राहिले.

"भाऊ, बाई, मी उद्या तुमच्या पोरीबद्दल पत्र लिहिणार आहे. ते मी तिले दाखवू शकत नाई. तिनं तशी सही केली आहे, अन् सही केली तं पाळाची. पण पत्र येगळं अन् माह्या मनातलं येगळं. मनातलं सांगाले कोणाची मनाई नाई. म्हणून लिहायच्या आधी सांगाले आलो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. स्थळ नाही हे तिला तेव्हा कळलं असावं.

"पहिले वाईट सांगतो. ही पोरगी चूक लवकर कबूल करत नाई. गडचांदूरकडं खाणीत नेलं होतं, तं चुनखडीचा थर कोणीकडं कलला आहे यावरून माह्यासंगं भांडली. मी म्हटलं दक्षिणेकडं, ही म्हणे उत्तरेकडं. गाडीत बसाले तयार नाई. पुन्हा मोजलं, दक्षिणच निघाली. तरी हिनं मान्य केलं नाई. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणते, सर, तुमचं बरोबर होतं. आठवडाभर काय करत होती, तं म्हणे विचार."

"बापावर गेली," आई म्हणाली.

"माह्यावर काऊन? मी कवा भांडलो?" बाबा म्हणाले, आणि ते खरं नसल्यामुळे काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

"दुसरं. चार लोकात इंग्रजी बोलाची येळ आली की हिचा आवाज घशातच राहते. समजते सगळं, बोलत नाई. हे तिले तिकडं जड जाईल." सरांनी श्वास घेतला. "आता चांगलं सांगतो. उन्हाळ्यात खाणीत पोरं सावलीले जाऊन बसतेत. ही खड्ड्यात राहते. मले दाखवाले नाई. तो दगड समजल्याबिगर तिले चैन नाई पडत म्हणून. मी फळ्यावर चुकलो तं सगळा वर्ग ती चूक उतरवून घेते. ही हात वर करते. भाऊ, दगड वाचणारे पोरं मले लई भेटले. दगडाले प्रश्न विचारणारी ही एक भेटली. ही तिकडं गेली तं आपलं नाव खाली नाई पडू देणार. हे मी लिहिणार आहे. याच्याहून कमी नाई, जास्त नाई. हरकत असंल तं सांगा."

माझी मान खाली होती आणि कान तापले होते. आमच्या घरात लेकराचं कौतुक तोंडावर करायची पद्धत नव्हती. बाबा तर माझ्या निकालाच्या दिवशीही नुसतं "बरं" म्हणून अंगणात जायचे. ते हळूच उठले. "सर," ते म्हणाले, "मी आख्खी जिंदगी दगडाच्या पोटात काढली. मले वाटे, दगड फक्त फोडाचा असते." त्यांनी सरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सर तेवढ्यात म्हणाले, "भाऊ, पोहे थंड होऊन राह्यले," आणि सगळे एकदम हसलो.

काकूंनी ते सगळं कॉलनीभर केलं, चांगलं आणि वाईट दोन्ही. पुढचे कितीतरी दिवस भाजीवाल्या बाई मला वजन करून देताना म्हणायच्या, "चूक कबूल करत जा बरं, ताई."

मुलाखत संगणकावर झाली. त्यांनी मला विचारलं, आपण चुकलोय हे कळल्यावर तू काय करतेस? घरच्या बैठकीत ज्या गोष्टीवर सगळ्यांनी हसून घेतलं होतं, तिची मला भीती कसली? मी उत्तर-दक्षिणेची सगळी हकिकत सांगितली, इंग्रजीत, आणि आवाज घशात राहू दिला नाही. पलीकडची माणसं मनापासून हसली. शिष्यवृत्ती मिळाली. पेढे वाटताना मॅडम सरांना म्हणाल्या, "सर, तुम्ही नियमाला वळसा घातलात." सर म्हणाले, "वळसा नाई, मॅडम. मी फक्त पत्राच्या आधी पोचलो." मॅडमनी त्यांना आणखी एक पेढा दिला. त्यांचं मत बदललं नाही, सरांचंही नाही, पण त्यानंतर मॅडमही पत्र लिहिण्याआधी विद्यार्थ्याला बोलावून घेऊ लागल्या, असं मी नंतर ऐकलं.

ते पत्र मी वाचलेलं नाही. तिकडे शिकून परतल्यावर आता मी नागपूरच्या एका महाविद्यालयात शिकवते, आणि माझे विद्यार्थी अर्जात ती 'होय'ची खूण करतात तेव्हा मी त्यांना अडवत नाही. फक्त लिहिण्याआधी समोर बसवते. पहिल्यांदा एका मुलीला तोंडावर सांगायचं होतं, की तुझ्यासाठी मी जोरदार पत्र लिहू शकणार नाही, आणि का ते. माझ्या तोंडाला कोरड पडली. मी सरांना फोन लावला. "पड ना कोरड," ते म्हणाले, "पाणी पी, अन् सांग." मी सांगितलं. मुलगी रडली, चिडून गेली, आणि सहा महिने राबून पुन्हा आली. तिचं दुसरं पत्र लिहिताना मला काही हातचं राखावं लागलं नाही.

निवृत्त झाल्यावर सर त्यांच्या गावी परतले. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेले. गडचिरोलीहून बस, पुढं फाट्यावर सर, आणि चढावर उभी केलेली स्कूटर. त्याच दिवशी गावाची बैठक होती. मोहाच्या झाडाखाली बायामाणसं जमली होती. जंगलातल्या बांबूचा विषय संपला आणि पुढचा विषय निघाला तो आमच्या सरांचा. त्यांनी गावाला नव्या विहिरीची जागा काढून दिली होती. पाणी भरपूर लागलं होतं. सर पुढं जाऊन बसले, कोणीतरी त्यांना पाणी दिलं, ते प्यायले. एक म्हातारी बाई उठल्या, त्यांच्या नात्यातल्याच, आणि गोंडीत बोलू लागल्या. मला समजावं म्हणून सर मान खाली घालूनच मला मराठीत सांगत होते, एक शब्द न गाळता.

"म्हणते, पाणी गोड आहे. पण विहीर घरापासून इतकी लांब काऊन काढली? म्हणते, यानं दगडाले विचारलं, बायायले नाई विचारलं. डोक्यावर पाण्याचा गुंड आम्हाले न्याव लागते, याले नाई." माणसं माना डोलवत होती. "म्हणते, पोरगा शिकला, बाहेर राह्यला, बाहेरच्याच पोरायले शिकवलं. इथं यायले म्हातारा झाला." कॉलेजभर ज्यांचा दरारा होता ते आमचे सर हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते, आणि मला त्यांचा कधी वाटला नव्हता एवढा अभिमान वाटला.

मग म्हातारीचा आवाज उतरला. त्या जवळ आल्या, सरांच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात आणखी काहीतरी म्हणाल्या. चारच शब्द असतील. सरांनी डोळे पुसले.

मी थांबले, सांगतील म्हणून. मग विचारलं, "सर, त्या काय म्हणाल्या?"

"राहू दे," ते म्हणाले, "ते माह्यापुरतं होतं."

मी पुन्हा विचारलं नाही.